फळीवरचा नारळ

अमेय, ये रे, असा जवळ येऊन बस. तो फोन उलटा ठेव जरा. पुण्यात बसलेल्या नातवाला कागदावरून जवळ बोलावणं खुळेपणाचं आहे हे मला कळतं, पण मला बोलल्यासारखंच लिहिता येतं. माझी शाळा चौथीत संपली. पुढचं वाचन मी सामान बांधून आलेल्या कागदांवर केलं, आणि असं लांबलचक लिहायला कोणी शिकवलंच नाही. तेव्हा आधी तुला रागावून घेते, मग सांगायचं ते सांगते.

तू नव्या गाडीचा फोटो पाठवलास. गाडी झकास आहे. उंच, चाकं जाड, टपावर दिव्यांची रांग, आणि पुढे तुम्ही चौघं काळे चष्मे लावून उभे. खाली लिहिलंस, ‘दिवाळीत आजीच्या सड्यावर.’ मी फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि उघड्या डिकीत काय आहे ते बघितलं. गादी, शेगडी, घडीच्या खुर्च्या, गाणी लावायचा डबा. मी विचारलं, दोर कुठं आहे? तर तू हसरी तोंडं पाठवलीस. एक नाही, तीन.

हस बापड्या. पण तात्या असते तर त्यांनी तुमची गाडी माझ्या हॉटेलापुढून हातभरही पुढे जाऊ दिली नसती.

तात्या तुला अंधुक आठवत असतील. लहान होतास तेव्हा मे महिन्यात आलास की तुला हिरव्या जीपच्या बॉनेटवर बसवायचे. आता त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. अंगाने काटक, उंचीने बेताचे, खाकी शर्टाची वरची दोन बटणं कायम तुटलेली, आणि गळ्यात ताईत असावा तशी लाल दोरीत ओवलेली पत्र्याची शिट्टी. नव्या माणसाला वाटायचं हे शाळेत कवायत घेतात.

सावर्ड्याहून आत आलं की डांबर आपल्या फाट्यावर संपतं. तिथं माझं हॉटेल, म्हणजे दोन बाकडी, एक शेगडी आणि बरण्यांची फळी. पुढची वाट चढते ती सड्यावर. सडा म्हणजे नुसता कातळ, वर सपाट, मधे चिरे काढून सोडून दिलेल्या खाणी, दोन पऱ्ये, म्हणजे पावसाळी ओढे, आडवे, आणि पार पलीकडे वरची वाडी. चाळीस घरं. वाडीला लागेल ते सगळं, तांदूळ, औषध, खताची गोणी, शाळेची बाई, आजारी माणूस, तात्यांच्या जीपमधून जायचं नाहीतर उतरायचं. तीस वर्षं त्यांनी ती वाट केली. लोक म्हणायचे, तात्या काय चढवतात गाडी. त्यावर ते म्हणायचे, “वर जाते त्याचं कौतुक कशाला? खाली येते त्याचं करा.”

त्यांची एक रीत होती. गाडी भरायच्या आधी ती रिकामी करायची. रोज सकाळी माझ्या अंगणात निळी ताडपत्री पसरायची आणि जीपमधली एकूण एक वस्तू तिच्यावर मांडायची. जाडजूड दोर, त्याच्या टोकांना लोखंडी कड्या. जॅक, आणि जॅकखाली घालायची फणसाची फळी, कारण चिखलात जॅक नुसता ठेवला तर गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो. फावडं, कोयता, दोन ओली गोणपाटं, पाण्याचा कॅन, चाकात हवा भरायचा पाय-पंप, औषधांची पेटी, आग विझवायचा लाल डबा, बॅटरी, आणि तिचे सेल वेगळ्या पिशवीत, कारण आत राहिले की पावसाळ्यात गंजतात. मग कमरेवर हात ठेवून ताडपत्रीभोवती एक फेरी. मी एकदा म्हटलं, “तात्या, कालच तर मांडलंत सगळं. रात्रीत काय पाय फुटतात काय?”

“कोयत्याला फुटतात,” ते म्हणाले. “काल तुमच्याच शेजारणीच्या अंगणात सापडला. हरवलेलं इथं कळलं तर बरं. वर कळून काय उपयोग?”

गाडीत सुटी वस्तू त्यांना चालायची नाही. स्टेपनी बांधलेली, कॅन बांधलेला, माणसांच्या छत्र्यासुद्धा एकत्र मोळी करून बांधायचे. गाडी कलली की सुटी छत्री डोळ्यात जाते, असं त्यांचं म्हणणं. वाडीतली भागीरथी, चांगली अंगाने भरलेली, एकदा म्हणाली, “तात्या, मला पण बांधा की.”

“बांधली असती गो, दोर पुरायचा नाय.”

सगळी जीप हसली, भागीरथी सर्वांत जास्त.

आता नारळाचं. सड्यावर फोनला रेंज नाही, अजूनही नाही. म्हणून तात्या निघताना माझ्या फळीवर, बिस्किटांच्या बरणीशेजारी, एक नारळ ठेवून जायचे. सोललेला, शेंडीवाला, आणि ओळखू यावा म्हणून त्यावर तांबड्या रंगाचा ठिपका. मला सांगायचे, आज अमुक वाटेने, इतकी माणसं, चारपर्यंत खाली. आले की आधी नारळ उतरवायचे, मग चहा. निघताना चहा कधी घेतला नाही, आल्यावर मात्र लागोपाठ दोन अर्धे कप. आणि बबन, आपला ट्रॅक्टरवाला, साडेचारला खालच्या चालू खाणीवरून घरी जाताना फळीकडे बघायचा. नारळ नसला तर तसाच पुढे. नारळ असला तर ट्रॅक्टर वळवून सड्यावर. कुठं लिहिलेलं नाही, कोणाला शपथ नाही. एवढ्यावर तीस वर्षं चालली.

आणि ते एकदा मोडलं ते माझ्या हातून. हे तुझ्या आईलाही नीटसं माहीत नाही.

श्रावणातला शनिवार होता. भर दुपारी माझी नणंद आणि तिचे यजमान दापोलीहून न सांगता आले, रत्नागिरीला चालले होते. काळे वाटाणे भिजलेले होते, ते शिजत घातले. वाटणाला खोबरं नाही. मागीलदारी नारळ होते, पण न सोललेले, आणि पावसाची धार लागलेली. माझी नजर फळीवर गेली. म्हटलं, नारळाच्या जागी नारळ, आत्ता हा फोडते, पाहुणे जेवले की दुसरा सोलून ठेवते. फोडला, खवला, वाटला. पाहुणे जेवले, मग नणंदेचं बोलणं सुरू झालं, आणि तिचं बोलणं तुला ठाऊक आहे. पाच वाजता ती उठली. तोवर साडेचारला बबन येऊन, फळी रिकामी बघून, तात्या आले वाटतं असं मनाशी म्हणून घरी गेलेला. मी आत होते, मला ट्रॅक्टर ऐकूही आला नाही.

सहाच्या सुमाराला चहा टाकायला शेगडीशी बसले आणि जाळात घालायला करवंटी उचलली. तिच्यावर तांबडा ठिपका.

तशीच करवंटी हातात घेऊन बबनच्या घरी गेले. त्याने एकदा करवंटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ट्रॅक्टर काढला. त्याचे दोघे भाऊ मागे ट्रॉलीत, मी त्याच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर. तो नको म्हणाला, मी उतरले नाही.

सड्यावर धुकं असं की ट्रॅक्टरचं तोंड दिसेना. बबन थांबायचा, यंत्र बंद करायचा, ऐकायचा. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा शिट्टी ऐकू आली. तीनदा, मग थांबून परत तीनदा.

दुसऱ्या पऱ्याचा काठ कोसळला होता. जीप एका अंगावर कललेली, मागचं चाक खाली, आणि तात्या मांडीभर पाण्यात बसलेले. डावं पाऊल चाक आणि कातळाच्या मधे. काठ सुटला तेव्हा ते चाकाला दगड लावत होते. त्यांच्यामागे वरच्या शाळेच्या कदमबाई त्यांच्या डोक्यावर निळी ताडपत्री धरून उभ्या, शिट्टी त्यांच्याच तोंडात. आत सीटवर धोंडूआजोबा. दुसऱ्या दिवशी चिपळूणला त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, ते गळ्यात पिशवी अडकवून बसलेले.

तीन वाजल्यापासून असे होते. बाई वाडीकडे चालत जाते म्हणाल्या, तात्यांनी सोडलं नाही. धुक्यात खाणींच्या कडा दिसत नाहीत, आणि खाणी पाण्याने काठोकाठ. “गाडी सोडून कोणी जायचं नाय. साडेचारला बबन फळी बघतो, पाचला ट्रॅक्टर इथं असतो. बसा बाई.” पाच वाजले तेव्हा म्हणाले, बबनला आज उशीर झाला. गारठ्याने ओठ हलेनासे झाले तेव्हा शिट्टी काढून बाईंच्या हातात दिली. हे सगळं बाईंनी मला नंतर सांगितलं, आणि सांगताना माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

आम्हाला बघून त्यांच्या जिवात जीव आला असेल, पण दिसलं काय, तर लगेच कामाला लागले. पाण्यात बसून हुकूम. “दोर हुकाला लाव बबन, बंपरला नाय. फळी घाल जॅकखाली. दोरावर ओलं गोणपाट टाक, तुटला तर चाबकासारखा येतो. बाई, आजोबांना खाली घ्या, गाडीत कोणी नको. वहिनी, तुम्ही लांब. अजून लांब. दोर जेवढा तेवढ्या लांब.”

मी लांब जाऊन उभी राहिले. करवंटी अजून हातातच होती. तात्यांनी ती बघितली.

ट्रॅक्टरने ओढ घेतली, जीप चार बोटं उठली आणि दोघा भावांनी तात्यांना बगलेत धरून बाहेर काढलं. ट्रॉलीत गोणपाटांवर निजवलं. अंगावर माझी चादर घातली. वाट उतरायला लागल्यावर डोळे मिटलेल्या तात्यांनी विचारलं, “वहिनी, कशात घातलात?”

“काळ्या वाटाण्याच्या आमटीत,” म्हटलं.

“बरी झाली होती?”

मी रडायला लागले.

“मग ठीक,” ते म्हणाले. “नासका निघाला असता तर वाईट वाटलं असतं.”

धोंडूआजोबांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं, त्यांना दिसायलाही लागलं. तात्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. पाऊल तासभर आधी सुटलं असतं तर राहिली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. तात्यांना विचारायचा प्रयत्न दोनतीनदा केला. प्रत्येक वेळी वाक्य अर्ध्यावर आलं की ते म्हणायचे, “वहिनी, चहा उतू जातोय.” उतू जात नसायचा.

दीड महिन्याने लंगडत हॉटेलात आले, काखेत नारळ. या वेळी असोला. न सोललेला, वरची सगळी साल अंगावर असलेला. फळीवर ठेवला आणि म्हणाले, “हा सोलायला पहार लागेल, घाम येईल. तोवर आठवण होईल.” त्या दिवसापासून असोलाच. आणि बबनलाही नवीन नियम झाला. फळी रिकामी दिसली तरी आत येऊन मला विचारायचं. बबन दारातून ओरडायचा, “वहिनी, तात्या आले का खाल्लेत?” हे त्याने पुढे बारा वर्षं रोज विचारलं, आणि मी रोज ऐकून घेतलं.

मग कातळावरची जुनी चित्रं बघायला तुमच्यासारखे लोक मोठ्या गाड्या घेऊन यायला लागले. त्यांत एक मुक्ता. चष्मेवाली, ठेंगणी, मुंबईला कुठल्याशा ऑफिसात, गाडी तीच चालवायची. बरोबर तिघं. तात्या बाकावर बसलेले. त्यांनी विचारलं, “पाणी किती हाय?”

मुक्ताने अर्धी बाटली दाखवली.

“आणि हा डबा कसला?”

“स्पीकर आहे, काका.”

“गाडी रुतली की हा ओढतो काय?”

तिघं हसले. दोर होता त्यांच्याकडे, नवा, पण वेष्टनातून काढलेला नव्हता. तात्या म्हणाले, जायचं तर जा, मी कोण अडवणारा. पण वहिनीकडून एक असोला नारळ घेऊन फळीवर ठेवा आणि किती वाजता येणार ते सांगा. एकाने विचारलं, “पूजा असते का काही?”

“पूजा नाय. हजेरी हाय.”

ठेवला त्यांनी, गंमत म्हणून. तीनला येतो म्हणून गेले. साडेतीनला तात्या उठले, जीपमधल्या वस्तू मांडल्या, भरल्या आणि बबनला घेऊन गेले. गाडी पहिल्याच पऱ्याच्या चिखलात बसलेली. पोरांनी दोर बंपरला बांधून झाडाला अडकवला होता, आणि बंपर सुटून हातात आलेला. मुक्ता तो मांडीवर घेऊन दगडावर बसली होती. तात्यांनी बंपर नीट बघितला. “चांगला हाय. घरी नेऊन भिंतीला लावा.”

सगळे हसले, पण मुक्ता हसली नाही. ती म्हणाली, “मला शिकवाल?”

मग काय विचारतोस. दुसरा सबंध दिवस तात्यांनी तिला माझ्या अंगणात बसवलं. खडकावर चाकातली हवा किती कमी करायची आणि डांबराला लागण्याआधी परत कशी भरायची. पऱ्यात गाडी घालायच्या आधी स्वतः काठी घेऊन पाण्यात उतरायचं, तळ लागतो का, ओढ किती ते बघायचं, आणि काठीला जे पटलं नाही तिथं गाडी घालायची नाही. एकटी गाडी कधी न्यायची नाही. मुलगी वहीत लिहून घेत होती, तात्या मधूनच म्हणायचे, “लिहू नको गो, हाताने कर.” शेवटी तिने दोन्ही केलं. दर वर्षी दोनदा यायला लागली, आणि मी काही म्हणायच्या आत मागीलदारी जाऊन नारळ निवडायची.

तात्यांची छाती दुखायला लागली तेव्हा कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. त्यांची मुलगी तिकडेच दिलेली. मुक्ताला कळलं, ती म्हणाली, मी नेते. आदल्या दिवशी येऊन माझ्याकडेच राहिली. सकाळी मी शेगडी पेटवत होते आणि अंगणात बघते तर निळी ताडपत्री पसरलेली, तिच्यावर गाडीतली एकूण एक वस्तू मांडलेली. दोर, कड्या, जॅक, फळी, पाणी. बाजूला मुक्ता हाताची घडी घालून उभी.

तात्या आले, इस्त्रीचा शर्ट घालून. बटणं सगळी लावलेली, ते बघूनच मला कसंतरी झालं. लंगडत ताडपत्रीभोवती फेरी घातली.

“बॅटरीचे सेल?”

“वेगळे ठेवलेत तात्या.”

“स्टेपनीत हवा?”

“काल सावर्ड्याला बघितली.”

“कोल्हापूरपर्यंत डांबर हाय गो सगळं. एवढं कशाला मांडलंस?”

“तुम्हीच शिकवलंत.”

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या गाडीच्या आरशाला अडकवली, मग पुन्हा काढून तिच्या गळ्यात घातली. आरशाला लोंबती वस्तू नको, नजर अडते, म्हणाले. आत येऊन पिशवीतून असोला काढला आणि स्वतःच्या हाताने फळीवर ठेवला, बरणीशेजारी.

“वहिनी, घाटाने जाताव. दोन माणसं. गुरुवारी संध्याकाळी खाली.”

मी म्हटलं, चहा घ्या आज तरी.

“आल्यावर,” ते म्हणाले.

पुढच्या सीटवर बसले. पिशवी पायाशी ठेवली आणि पट्ट्याने सीटला बांधली. स्वतःचा पट्टा लावला, ओढून बघितला. काच खाली केली आणि हात बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर दोनदा थोपटलं, बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं. गाडी वळली. वळणावर मला त्यांचा हातच तेवढा दिसला, तो अजून दारावर होता.

गुरुवारी साडेचारला बबन आला. फळीकडे बघितलं. दुपारीच मुक्ताचा फोन येऊन गेला होता, पण मला तोंडाने सांगवेना. त्याने मला काही विचारलं नाही. ट्रॅक्टर बंद केला आणि दिवे लागेपर्यंत बाकड्यावर बसून राहिला.

तो नारळ उतरवायचा कोणी, हा प्रश्न पडला. तो तर ज्याने ठेवला त्यानेच उतरवायचा. मी हात लावला नाही, बबननेही नाही. पावसाळ्यात त्याला कोंब आला. पुढे फळीवर पानं फुटून बरण्या हलायला लागल्या, तेव्हा मुक्ता आली होती, तिने तो उचलून मागे मोरीच्या पाण्यावर लावला. आता माझ्या कमरेइतका झालाय. गाई खातात म्हणून भोवती काटे घातलेत.

तर अमेय, तुझा सडा कुठं पळून जात नाही. दोर घे, चांगला, आणि वेष्टनातून काढून घे. फणसाची फळी मी इथं करून ठेवली आहे, तात्यांच्या मापाची. बरोबर दुसरी एक गाडी आण, वाट दाखवायला बबन आहे. आणि दिवाळीची वाट कशाला बघतोस? माझेही गुडघे आता रोज नवं काहीतरी सांगतात. सवड काढ आणि ये लवकर. निघालास की फोन करून किती वाजता पोचशील ते सांग. मी असोला काढून तुझ्या नावाने फळीवर ठेवते. आलास की चहाच्या आधी तो तुझ्या हाताने उतरव.